बिनपॅकिंगचा सांधा

मे महिन्यात आग्रा रोडवर ट्रक तापायला लागले की आमच्या घरात दोन घास जास्त शिजायचे. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याला हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये रेडिएटर दुरुस्त करत. सोनगीरच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ सोडू लागलेला ट्रक कसाबसा आमच्या शेडपर्यंत यायचा आणि ड्रायव्हर खाली उतरून आधी त्या ट्रकला आणि मग खानदेशच्या उन्हाला शिव्या घालायचा. नाना त्याला माठातलं पाणी द्यायचे आणि काही न बोलता रेडिएटर खोलायला घ्यायचे. माझ्या लहानपणातले सगळे आवाज त्या शेडमधले आहेत. ब्लो लॅम्पची फुरफुर, पितळी टाकीवर लाकडी हातोडीचे ठोके, आणि दुरुस्त झालेला रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरली की कुठून तरी वर येणारा एखादा बुडबुडा. तो बुडबुडा आला की नाना स्वतःवरच चिडायचे. पुन्हा सांधा उघडायचा, पुन्हा भरायचा. गळका सांधा त्यांना सहन व्हायचा नाही.

घर शेडपासून दहा मिनिटांवर, दोन खोल्यांचं. सकाळी त्रिशरण म्हणून झालं की माय गच्चीवर जायची, कारण मे महिना तिचाही कामाचा. ज्वारी भिजवून, आंबवून, शिजवून ती बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालायची. ओल्या धोतरावर हाताने थापलेल्या त्या बिबड्या बाराच्या उन्हात कडकडीत वाळायच्या, आणि कापड मागून ओलं करून त्या सोडवताना जो चर्रचर्र आवाज व्हायचा तो अजून माझ्या कानात आहे. दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर एखादी अर्धवट वाळलेली बिबडी. मी पुस्तक घेऊन गच्चीवरच बसलेली दिसले की माय ओरडायची, "काय वं, ऊन खाईसन पोट भरी ऱ्हायनी का?" एकाच उन्हावर आमच्या घरात दोन धंदे चालायचे. तिसरा माझा व्हावा, अशी माझी फार इच्छा होती.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. वर्गात आम्ही तीनच मुली. निकाल लागल्यावर जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासने जागा असल्याचं कळवलं म्हणून मी गेले. तिथले सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला चहा पाजला, माझे गुण पाहिले आणि काउंटरवर बसून प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायची नोकरी देऊ केली. मी म्हटलं, मला दुरुस्तीची जागा हवी आहे. ते हसले. "अहो, काउंटरवर मुलगी असली की बरं दिसतं. स्क्रू-ड्रायव्हरचं काम मुलं बघतील."

"बरं दिसायला मी आले नाही, सर," मी म्हणाले. हे वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे, आणि आयुष्यात त्याने माझं जितकं नुकसान केलं तितकंच भलंही केलं आहे.

सरांनी मागच्या खोलीतून एक मळकट कॅबिनेट आणवलं. आत फोर एटी सिक्स जातीचा प्रोसेसर होता, त्या काळीही जुना झालेला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. हे डोकं ग्लुको बिस्किटाहून लहान, करड्या चिनी मातीसारखं, वर सोनेरी अक्षरं आणि खाली शंभराहून जास्त बारीक पिना. चालताना ते तापतं, म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची दातेरी पट्टी बसवतात. तिला हीट सिंक म्हणतात. ती खालची उष्णता ओढून घेते आणि दात्यांतून हवेत सोडते. या प्रोसेसरची पट्टी धरणारा प्लास्टिकचा चिमटा उन्हाने ठिसूळ होऊन मोडला होता आणि पट्टी कुणाच्या तरी हातून हरवली होती. तसली पट्टी बाजारात मिळेना. दोघा मुलांनी प्रयत्न करून नाद सोडला होता. मशीन सुरू व्हायचं आणि थोड्या वेळात जागीच गोठायचं.

"हे घेऊन जा," सर म्हणाले. "आठ दिवसांनी आणा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, याच पत्र्याच्या खोलीत, न अडकता चाललं तर दुरुस्तीची जागा तुमची. नाहीतर काउंटर."

मी ते कॅबिनेट चादरीत बांधलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. पारोळ्यापर्यंत पायाला मुंग्या आल्या. कंडक्टर म्हणाला, "ताई, याचं हाफ तिकीट लागेल." मी त्याच्याशी भांडायला तयार झाले तेव्हा कुठे तो हसला.

नानांनी कॉम्प्युटर आतून कधी पाहिला नव्हता. शेडमधल्या बाकावर मी तो उघडला तेव्हा ते हात पुसत आले आणि चष्मा कपाळावर चढवून वाकले. मी प्रोसेसर दाखवला, तापतो म्हणून सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मंग याना रेडिएटर कोठे शे?"

"पडी गया, नाना."

"इतलंच ना? नवा बनाडू."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम. पंचवीस वर्षं ते इंजिनाची उष्णता हवेत सोडायचाच धंदा करत होते. लाउडस्पीकरवाल्याच्या भंगारातून त्यांनी जुन्या ॲम्प्लिफायरची दातेरी पट्टी आणली आणि हॅक्सॉने मापात कापली. कडा कानशीने गोल केल्या. मी बाजूला उभी राहून माप धरत होते. मग त्यांनी कपाटातून कॉर्कची शीट काढली, कात्रीने प्रोसेसरच्या आकाराचा चौकोन कापला, दोन्ही बाजूंना सांधे भरायचा पांढरा सफेदा फासला आणि तो प्रोसेसर आणि पट्टी यांच्या मध्ये ठेवून वरून तारेने आवळून टाकला. हे त्यांचं पॅकिंग. दोन धातू एकत्र आले की मध्ये पॅकिंग हवंच, त्याशिवाय त्यांचा हातच पुढे जायचा नाही. आणि मी, डिप्लोमा झालेली, शेजारी उभी राहून पाहत होते. मला ते चुकीचं वाटलं नाही, कारण त्या शेडमध्ये मी कधी बिनपॅकिंगचा सांधा पाहिलाच नव्हता.

पट्टी नसताना मशीन बारा मिनिटं चाललं होतं. पॅकिंगवर ते नऊ मिनिटांत बंद पडलं. आम्ही तीनदा लावून पाहिलं. तिसऱ्या वेळी मी मशीन बंद केलं आणि बोट लावलं. वरची पट्टी साधी कोमटही नव्हती. खाली प्रोसेसरच्या कडेला बोट लागलं तसं मी झटकन मागे घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉर्कने उष्णता वर येऊच दिली नव्हती. आम्ही त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर गार व्हायला पट्टी ठेवली होती आणि मध्ये गोधडी घातली होती.

"नाना, हाई पॅकिंगच वाट अडाईसन बसेल शे," मी म्हणाले. "काढनं पडी."

नाना सावकाश उभे राहिले. "पंचवीस वरीस व्हई गयात माले या धंदामा. तू माले सांधा शिकाडस का?"

मी मऊ बोलायला हवं होतं. पण मी म्हणाले, "हऊ. हाऊ सांधा शिकाडस." नानांनी जेवणाचा डबा उचलला आणि त्या दिवशी शेड माझ्यावर टाकून घरी निघून गेले. त्यांच्या मागे रस्त्यावर एक ट्रक वाफा सोडत उभा होता, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण नोकरी माझी होती, पाच दिवस उरले होते आणि फॉर्म भरत बसायचं नाही हे मी ठरवलं होतं.

रात्री शेवभाजी होती, नानांची आवडती, आणि ते दुसऱ्यांदा वाढून न घेता उठले. माय एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती. "बापलेकनं काय बिनसनं?" तिने विचारलं. "काही नही," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. एवढं मात्र आमचं त्या आठवड्यात एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी मी कॉर्क सोलून काढला. सफेदा ब्लेडने खरवडला, स्पिरिटच्या बोळ्याने प्रोसेसर पुसला, इतक्या वेळा की सोनेरी अक्षरं जातात की काय अशी भीती वाटली. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात ॲम्प्लिफायरला लावायचं पांढरं मलम मिळायचं, ते आणलं. तसं ते दिसायला सफेद्यासारखंच, पण ते भरायला नसतं. दोन सपाट बाजू टेकल्या तरी मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक फटी राहतात, तेवढ्याच त्याने बुजवायच्या. मी पातळ लावलं आणि पट्टी ठेवून तार आवळली. मशीन चाळीस मिनिटं चाललं आणि गोठलं. चाळीस मिनिटं म्हणजे प्रगती होती, पण मला सात तास हवे होते. पट्टी उचलून पाहिली तर मलमाचा ठसा दोनच कोपऱ्यांत उमटला होता. बाकी जागा कोरडी. पट्टी वाकडी होती आणि ती सरळ कशी करायची ते मला येत नव्हतं. हे मला कोणी वर्गात शिकवलं नव्हतं. मी तशीच ती हातात धरून बसून राहिले.

नाना मागे येऊन कधी उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली. "दोनच कोपरा टेकी ऱ्हायनात," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग म्हणाले, "पॅकिंग नही लावनं, तं फेस आरसासारखा पाहिजे." फेस म्हणजे टेकणारी बाजू.

रेडिएटरच्या धंद्याआधी नाना इंजिन फिटरच्या हाताखाली होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. त्यांनी ट्रकच्या दाराची काढून ठेवलेली सपाट काच आणली, तिच्यावर बारीक काचकागद पाण्याने चिकटवला आणि पट्टी त्यावर ठेवून मला हात कसा फिरवायचा ते दाखवलं. सरळ पुढे-मागे घासायचं नाही, त्याने कडा जास्त झिजतात. आठचा आकडा काढत फिरवायचं, दाब बोटांनी सारखा ठेवायचा, दहा फेऱ्या झाल्या की पट्टी पाव फिरवायची. मध्येच ते काचेवर कपड्याची नीळ पातळ फासायचे आणि पट्टी टेकवून उचलायचे. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, जिथे कोरडं तिथे खड्डा. "घस," एवढंच म्हणायचे आणि आपल्या ट्रककडे जायचे. मी दोन दिवस घासत होते. बोटांची टोकं सोलली, नखांत ॲल्युमिनियमची काळी कणी गेली. माय भाकरी वाढताना माझे हात पाहून तोंड वाकडं करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी पूर्ण निळी झाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नानांनी ती तीनदा टेकवून पाहिली आणि तिसऱ्या वेळी शर्टाला पुसून माझ्या हातात दिली.

आता हे असले प्रोसेसर शौकीन लोक काचेच्या पेटीत ठेवतात. अधूनमधून एखाद्याचा मला फोन येतो, हीट सिंक बसत नाही, कोणतं महागातलं मलम वापरू? मी त्यांना आधी विचारते, फेस तपासला का? बहुतेकांनी तपासलेला नसतो. मलमाची ट्यूब अर्धी रिकामी केलेली असते. मलमावर सगळ्यांचा भारी विश्वास.

पट्टी धरायची कशाने, हा प्रश्न उरलाच होता. साधी तार गरम झाली की सैल पडायची. नानांनी सायकलच्या चाकाच्या दोन आऱ्या, म्हणजे स्पोक, घेतल्या. आरीच्या तारेत ताण असतो, वाकवली तरी ती परत यायला बघते. दात्यांच्या मधल्या खाचांतून त्या आडव्या घालायच्या आणि टोकं प्रोसेसरच्या बैठकीच्या कडेला अडकवायची. पण तारेचं टोक पिनांना लागलं असतं तर सगळंच जळालं असतं, म्हणून मी त्या टोकांवर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवली. हे मात्र माझं डोकं. मग प्रोसेसरच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढं मलम. नानांचा हात आणखी लावायला शिवशिवत होता.

"इतलंच?"

"इतलंच, नाना."

त्यांनी हात मागे बांधून घेतले. मी पट्टी सरळ वरून टेकवली, जराशी फिरवून दाबली आणि आधी एक, मग समोरासमोरची दुसरी अशी आरीची टोकं थोडी थोडी खाली आणत अडकवली. एक बाजू आधी पूर्ण दाबली तर ती चिनी माती तडकते. कुठेही आवाज झाला नाही. ते मशीन त्या दिवशी शेड बंद होईपर्यंत चाललं.

आठव्या दिवशी नाना माझ्याबरोबर जळगावला आले. कॅबिनेट जड आहे म्हणून येतो, असं म्हणाले. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि रिक्षातही कॅबिनेट स्वतःच्याच मांडीवर ठेवलं. दहा वाजता मी मशीन लावलं. पडद्यावर एकापुढे एक आकडे मोजत जाणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता, म्हणजे गोठलं की लगेच कळावं. पत्र्याखाली बारा वाजल्यापासून बसवेना. नाना भिंतीशी स्टुलावर बसून त्या आकड्यांकडे, हौदात बुडबुडा शोधावा तसे पाहत होते. दोनच्या सुमारास क्लासमधली दोन्ही दुरुस्तीवाली मुलं दारात येऊन उभी राहिली. तीनला सर आले, कॅबिनेटमध्ये वाकले आणि पट्टीला बोट लावून ओरडले. "अहो, चटका बसतोय! हे जळेल!"

"चटका बसला पाहिजे, सर," मी म्हणाले. "खालची उष्णता वर येतेय म्हणूनच बसतोय. गार लागली असती तर मी घाबरले असते."

पाच वाजले. आकडे पळतच होते. सरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा आत वाकले, ती घासलेली पट्टी, ती रबर चढवलेली आऱ्यांची टोकं निरखली आणि मान हलवली. मग वळले ते नानांकडे. "काम फर्स्ट क्लास आहे, भाऊ. असा हात आमच्या मुलांना नाही. तुम्हीच या ना आमच्याकडे. मुलीला काउंटरवर घेतो, दोघं सोबत येत-जात जा."

सर मनापासून बोलत होते, तेच वाईट होतं. मी काय म्हणणार? काचकागद नानांचा, नीळ नानांची, आऱ्याही नानांच्या. मी केलं म्हणाले असते तर बापाचं श्रेय हिसकावतेय असं दिसलं असतं.

नाना स्टुलावरून उठले. सरांशी शहरातलं मराठी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला आणि दोन शब्दांत सोडून दिला. "नही, साहेब. मी लावेल व्हतं, ते नऊ मिनिटात बंद पडनं. मी मजार पॅकिंग दडपी देयेल व्हतं. तिनी सांगं काढा, तं मी तिनावर रागे भरनू." ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. "चूक मन्ही व्हती. सापडाडी तिनी."

दारातली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. नानांना कुणापुढे चूक कबूल करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गळका सांधासुद्धा ते ड्रायव्हरला न सांगता परत भरून द्यायचे.

सर माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "ठीक. मग आता माझ्यासमोर उतरवा आणि परत बसवा. एकटीने."

हे ऐकताच नाना खोलीबाहेर गेले. नंतर कुणी म्हणायला नको की बापाने डोळ्याने खुणा केल्या, म्हणून ते सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या रिक्षा स्टँडवर उन्हात जाऊन उभे राहिले. मी मशीन बंद केलं, गार होऊ दिलं. आऱ्या सोडवल्या, पट्टी उचलली, जुनं मलम पुसलं. पहिली आरी बसली. दुसरीचं टोक सुटलं आणि मी क्षणभर डोळे मिटले, हात फडक्याला पुसले आणि पुन्हा धरलं. ते बसलं. बटण दाबलं. अर्धा तास आकडे पळत राहिले. मग सरांनी खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आत अशी आणखी बरीच पडली आहेत," ते म्हणाले. "सोमवारपासून या."

मी धावतच रस्ता ओलांडला. नानांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. "लागनी का?" त्यांनी विचारलं.

"लागनी, नाना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बस स्टँडकडे चालताना ते एकदम थांबले आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "ते पॅकिंगनं तुन्ही मायले सांगू नको."

मी कबूल केलं आणि पाळलंही. नाना गेल्यानंतर एकदा बिबड्या सोडवता सोडवता मायने विचारलंच, त्या आठवड्यात तुमचं दोघांचं काय बिनसलं होतं? मी म्हटलं, उन्हाने डोकी फिरली होती. तिला ते पटलं नाही, पण तिने पुन्हा विचारलं नाही. अनोळखी माणसांसमोर माझ्यासाठी ज्यांनी पंचवीस वर्षांचा मान खाली ठेवला, त्यांना बायकोसमोर मात्र तो थोडा राखायचा होता. आता मायही नाही, म्हणून आज लिहून टाकलं. तरी ते पॅकिंगचं लिहिताना दोनदा पेन थांबलं, कारण नानांना विचारलेलं नाही.